बॅलन्स ट्रान्सफर: ८०,००० रुपयांचे बारा हप्ते

जुन्या क्रेडिट कार्डावर साठलेली ८०,००० रुपयांची थकबाकी मी दुसऱ्या एका खासगी बँकेच्या कार्डावर वळवली आणि बारा हप्त्यांत फेडली. त्या सेवेबद्दलचे हे मत आहे. जुन्या कार्डाचा व्याजदर महिन्याला ३.५ टक्के होता, म्हणजे दरमहा २,८०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्क्यांनी ५०४ रुपये जीएसटी. मी ‘किमान देय रक्कम’ म्हणून चार हजार रुपये न चुकता भरत होतो आणि आपण वेळेवर पैसे भरतो याचे समाधानही मानत होतो, पण मुद्दलातून त्या महिन्यात जेमतेम सातशे रुपये कमी होत होते.

नव्या बँकेने दरमहा १.५ टक्के दर देऊ केला. फोनवरच्या प्रतिनिधीने तो तीनदा ऐकवला. प्रक्रिया शुल्काचा विषय मात्र मी विचारल्यावरच निघाला. दोन टक्क्यांप्रमाणे १,६०० रुपये आणि त्यावरचा २८८ रुपये जीएसटी पहिल्याच बिलात लागला. हप्ता ७,३३४ रुपयांचा बसला, शिवाय त्यातील व्याजाच्या भागावर दर महिन्याला वेगळा जीएसटी. व्याज, शुल्क आणि कर मिळून वर्षभरात साधारण ११,३४० रुपये गेले. तीच रक्कम जुन्या कार्डावर बारा समान हप्त्यांत फेडली असती, तर सुमारे २३,००० रुपये गेले असते. बचत खरी आहे, परंतु हप्ता किमान रकमेच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे पगारातून तेवढे पैसे सुटणार नसतील, तर या वाटेला जाऊ नये.

दोन गोष्टी कोणी आधी सांगितल्या नाहीत. जुन्या कार्डाचे बिल निघाल्यानंतर नऊ दिवसांनी पैसे पोहोचले, त्या नऊ दिवसांचे ८४० रुपये व्याज आणि १५१ रुपये जीएसटी पुढच्या बिलात आला. थकबाकी शून्य झाली असे समजून मी ते बिल उघडलेच नसते, तर त्यावर विलंब शुल्कही लागले असते. दुसरे म्हणजे, वळवलेली रक्कम नव्या कार्डाच्या मर्यादेतून वजा होते. माझ्या १,१०,००० रुपयांच्या मर्यादेपैकी हाती ३०,००० उरले, आणि ते मी किराण्यालासुद्धा वापरले नाहीत, कारण एखाद्या महिन्याचे बिल पूर्ण भरता आले नाही, तर नव्या खरेदीला पुन्हा कार्डाचा नेहमीचा दर लागतो.

जुने कार्ड मात्र मी लगेच बंद करायला सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर अशी विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते, अन्यथा बँकेला दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. माझे कार्ड पाचव्या दिवशी बंद झाले, आणि त्या पाच दिवसांत त्याच बँकेतून मर्यादा वाढवून देण्यासाठी दोनदा फोन आला.