हरवलेल्या रिमोट किल्लीच्या जागी घेतलेली नवी किल्ली : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आमच्या हॅचबॅकच्या दोन रिमोट किल्ल्यांपैकी एक प्रवासात हरवली. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मागवलेली नवी किल्ली तेव्हापासून रोजच्या वापरात आहे आणि ती मूळ किल्लीइतकीच चोख चालते. खर्च बारा हजारांच्या आसपास आला. बाजारात याहून बरीच स्वस्त किल्ली मिळत असताना एवढा खर्च का केला, याचे कारण किल्लीत नसून गाडीच्या मेमरीत आहे.

किल्लीच्या मुठीत रिमोटखेरीज इमोबिलायझरची, म्हणजे चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची, एक चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला ऊर्जा मिळते आणि तिची ओळख पटली तरच इंजिन सुरू राहते. बाजारात अनेकदा शिल्लक किल्लीतील चिपची हुबेहूब नक्कल करून दिली जाते. अशा नकलेवर गाडी सुरू होते, परंतु हरवलेल्या किल्लीची नोंद गाडीच्या मेमरीत तशीच राहते, म्हणजे ती ज्याच्या हाती लागेल तो गाडी घेऊन जाऊ शकतो. मला ही नोंद पुसून हवी होती. सर्व्हिस सेंटरमध्ये स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाशी जोडणी करण्याच्या सॉकेटला) स्कॅनर जोडून जुन्या नोंदी काढल्या गेल्या आणि समोर असलेल्या दोन्ही किल्ल्या नव्याने नोंदवल्या गेल्या. यासाठी शिल्लक किल्लीही सोबत न्यावी लागते, ही गोष्ट आम्हाला आधी न सांगितल्यामुळे एक फेरी वाया गेली.

नव्या किल्लीचे पाते सुरुवातीला दाराच्या कुलुपात किंचित घट्ट फिरत होते, आता ते सुरळीत फिरते. रिमोटच्या पल्ल्यात मला फरक जाणवलेला नाही. किल्ली येण्यास मात्र जवळजवळ तीन आठवडे लागले. नव्या गाडीसोबत किल्ल्यांना अडकवून दिलेली क्रमांकाची छोटी पट्टी आम्ही जपून ठेवली होती, तिचा पाते कापताना उपयोग झाला.

एक उणीव उरतेच. हरवलेल्या किल्लीने आता इंजिन सुरू होणार नाही, पण तिच्या पात्याने दार अजूनही उघडू शकते. सगळी कुलपे बदलण्याचा खर्च फार असल्याने आणि किल्ली घरापासून दूर, पत्त्याविना हरवल्याने मी ते टाळले. गाडीत मौल्यवान वस्तू ठेवणे मात्र पूर्ण बंद केले आहे. किल्ली घराच्या परिसरात हरवली असती, तर मी कुलपेही बदलली असती.

विम्याची बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ किल्ल्या मागते आणि एक नसेल तर दावा अडकू शकतो. म्हणून पोलिसांकडे वस्तू हरवल्याची नोंद करून तिची पोच, नव्या किल्लीचे बिल आणि विमा कंपनीला पाठवलेला ईमेल मी एकत्र ठेवला आहे. किल्ली बदलण्याचे पूरक संरक्षण आमच्या पॉलिसीत नव्हते, ते नूतनीकरणाच्या वेळी घेतले.

जुन्या गाडीसाठी बाजारातील कारागीर निवडण्यात मला गैर वाटत नाही, कारण त्यांच्यापैकी अनेकांकडे स्कॅनर असतो. त्यांच्याकडून नुसती नक्कल न घेता जुन्या नोंदी पुसून घ्याव्यात आणि मेमरीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत, हे पैसे देण्यापूर्वी स्कॅनरच्या पडद्यावर पाहून घ्यावे.