22 फुटी शिडाच्या होडीत एकटीने काढलेली रात्र

एका रात्रीसाठी 22 फुटी शिडाची होडी भाड्याने घेतली. सोबत कुणी नको होतं, त्यामुळे ही होडी एकटीला आवरेल का, एवढंच आधी बघायचं होतं. आवरते. दोन्ही शिडांचे दोर कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेपर्यंत आणलेत, शीड उतरवायला सुकाणू सोडून डोलकाठीपाशी धावावं लागत नाही.

पण होडीत झोपायचं तर खरा भरवसा नांगराचा, आणि इथे मालकाने हात आखडता घेतलेला नाही. 5 मीटर साखळी, तिला जोडलेला 50 मीटर दोर, दर 5 मीटरवर रंगीत खूण. दिवस मावळायच्या तासभर आधी आडोशाला शिरले. पाणी 3 मीटर खोल, भरतीला आणखी 2 मीटर चढणार, होडीचं पुढचं टोक पाण्यापासून 1 मीटर वर. झाले 6. त्याच्या सातपट, म्हणजे साखळी धरून 42 मीटर सोडले. दोर आखूड पडला तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर उचकटतो. लांब सोडला की साखळी तळाला आडवी पडते, नांगर आणखी रुतत जातो. इंजिन हळूहळू उलटं चालवून ताण दिला, किनाऱ्यावरचा खडक आणि त्यामागचं झाड एका रेषेत धरून बघत राहिले. रेष हलली नाही. तेव्हा कुठे इंजिन बंद केलं.

मग जी शांतता उतरली, तिच्यासाठीच मी आले होते. अंधार पडेपर्यंत कॉकपिटमध्ये पाय पसरून बसले, पुस्तक उघडलंसुद्धा नाही. बुडाला पाणी चुळचुळत होतं, वारा फिरला की होडी आपसूक तोंड वळवत होती.

झोपायला गेले आणि टक्-टक् सुरू झाली. मोठं शीड चढवायचा दोर डोलकाठीवर आपटत होता. अॅल्युमिनियमची पोकळ काठी, आवाज थेट उशीत येतो. उठून तो दोर डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या बाजूच्या तारेकडे ताणून बांधला. ही युक्ती होडी ताब्यात देतानाच सांगायला हवी. नांगरलेल्या होडीचा चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा डोलकाठीच्या टोकावर आहे, एलईडीचा; बॅटरी सकाळपर्यंत सहज पुरली.

तक्रार एकच, पण खरी. गादी सपाट फळीवर टाकलीय, खालून हवा खेळायला जागा नाही. श्वासाची वाफ थंड बुडावर धरते आणि पहाटे गादीची खालची बाजू ओली लागते. केबिनची झडप चार बोटं उघडी ठेवून फरक पडला, पुरेसा नाही. फळीला भोकं पाडली तरी काम होईल. स्टोव्ह केबिनमध्येच आहे, तो मात्र झडप पूर्ण उघडून, डोळ्यांसमोरच पेटवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहाटे ओहोटीने होडीचं तोंड पार उलट दिशेला वळलं होतं, नांगर होता तिथेच. पुढच्या वेळी दोन रात्रींसाठी घेणार आहे, गादीखाली घालायला जाळीची चटई घेऊन.