4.49, 4.50 की 4.51? फिनाले मॅच पेलेटचा (छर्र्याचा) रिव्ह्यू, एका नेमबाजाच्या बापाकडून

आधीच सांगतो, मी शूटर नाही. पोरगी दहा मीटर एअर रायफल मारते, मी फक्त पैसे भरतो न् डबे उचलतो. पण गेल्या दोन महिन्यांत या छर्र्यांच्या नादी असा लागलो की घरचे हसून राहिले.

झालं असं की पोरीसाठी सेकंड हँड पीसीपी, म्हणजे दाबून भरलेल्या हवेच्या सिलेंडरवर चालणारी रायफल, घेतली. क्लबात सगळेच 4.50 चे छर्रे वापरतात म्हणून आम्हीही एच अँड एन कंपनीच्या फिनाले मॅचचे 4.50 चे डबे आणले, वजन 0.53 ग्रॅमवालं. पाच-सहा शॉट मस्त जायचे आणि मधेच एक शॉट 9.6 पॉइंटचा. सर म्हणे ट्रिगर झटकते, पोरगी म्हणे नाही झटकत, आणि घरी रोज तोच वाद.

मग कोणीतरी सांगितलं की बॅरल बॅरलमध्ये फरक असतो, आधी तिन्ही साइज आणून बघा. हा 4.49-4.50 चा आकडा म्हणजे छर्र्याच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मागचा घेर पातळ शिशाचा असतो, हवेच्या दाबाने तो फुगून बॅरलला चिकटतो, पण डोकं काही फुगत नाही. ते जसं आहे तसंच बॅरलच्या आतल्या आट्यांवरून घासत जातं, म्हणून तिथं 0.01 मिलिमीटरही पुरतो.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली आणि तिन्ही साइजचे दहा-दहा शॉट वेगवेगळ्या टार्गेटवर मारले. चपट्या डोक्याचा छर्रा कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडतो, त्यामुळे मोजायला सोपं. व्हर्निअर लावला तर दहाही शॉट मिळून झालेलं भोक (जितकं लहान तितकं चांगलं) 4.51 चं साडेनऊ मिलिमीटर, 4.50 चं आठ, आणि 4.49 चं सातच्याही आत! 4.51 टाकताना छर्रा आत ढकलणारी लिव्हर जरा जडच वाटत होती, म्हणजे आमची बॅरलच टाइट निघाली न बाप्पा. पुढच्या रविवारी परत मारून पाह्यलं, क्रम तोच. आणि गंमत अशी की तिच्या मैत्रिणीची सेम मॉडेलची रायफल आहे, तिला 4.50 च आवडतो.

एवढ्याशा फरकाने काय होते, असं वाटेल. दहाचा ठिपका असतो 0.5 मिलिमीटरचा आणि प्रत्येक 0.1 पॉइंट म्हणजे पाव मिलिमीटर. मॅचमध्ये 60 शॉट, शॉटमागे सरासरी 0.1 वाढला तरी 6 पॉइंट होतात. तेवढ्यात किती पोरं पुढे निघून जातात ते स्कोअरबोर्डवर बघा.

मधे मला वजनाचंही वेड लागलं. इथे नागपुरात इतवारीत सराफा ओळीत मावसभावाचं दुकान आहे, त्याच्या सोन्याच्या काट्यावर शंभर छर्रे एकेक करून मोजले. पोरगी म्हणे, "बाबा, छर्रे मोजून राहिले की सोनं?" बहुतेक सगळे सारखेच निघाले, दुपार वाया गेली. त्यापेक्षा काचेवर लोळवून बघा. चांगला छर्रा गोल वळण घेत नीट लोळतो, घेर चेपलेला असला तर लंगडतो, लगेच दिसते.

आता तक्रार. ती कंपनीची नाही, ज्या ऑनलाइन दुकानातून दुसरी ऑर्डर केली त्याची आहे. तीन डबे नुसत्या पातळ पाकिटात कोंबून पाठवले, एकाचं झाकण आत दबलेलं, काचेवर लोळवले तर त्यातले चाळीसेक लंगडे. फोन केला तर म्हणे "सर, प्रॅक्टिसला चालतील." अरे भाऊ, मग प्रॅक्टिसच्या भावात दे न! पैसे परत नाही मिळाले. आता सीताबर्डीहून हातात घेऊन, डबा हलवून बघून आणतो.

छर्रे म्हणून फिनाले मॅचला माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण 4.49 पाहिजे तेव्हा भेटत नाही, 4.50 चे ढीग पडलेले असतात. जमलेला डबा भेटला की त्याचा बॅच नंबर लिहून ठेवा न् त्याच बॅचचे चार-पाच घेऊन टाका. फक्त उन्हाळ्यात कूलरच्या समोर उघडे ठेवू नका, त्या दमट हवेने शिशावर पांढरट पूड धरते. आणि पोरांना हात धुवायला लावा, काळी बोटं घेऊन तर्री पोह्यावर बसतात मेली.

सध्या घरात साडेचार डबे 4.50 चे उरलेत, एकाच बॅचचे. मैत्रिणीच्या बाबांशी बोलणं चालू आहे, ते अर्ध्या किमतीवर अडून बसलेत.