वय वंदना कार्ड आणि जुनी पॉलिसी: इंदूरमध्ये आठ महिने दोन्ही वापरल्यावर

आयुष्मान भारत या सरकारी योजनेच्या वय वंदना कार्डावर सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न विचारता वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार, हे ऑक्टोबर 2024 पासून सगळ्यांना पाठ आहे. कार्ड काढणंही सोपं. म्हाताऱ्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. तिथे अडून न बसता आधारचा ओटीपी नाहीतर चेहऱ्याची पडताळणी निवडावी.

खरा संताप आहे तो आरोग्य विम्याच्या जुन्या पॉलिसीतल्या एका ओळीचा: ‘रूम रेंट 1 टक्का’. म्हणजे 3 लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडं दिवसाला 3,000पर्यंतच. खोली 5,000ची घेतली तर वाटतं, वरचे 2,000 आपण भरू. तेवढ्यावर भागत नाही. 5,000तले 3,000 म्हणजे 60 टक्के, आणि डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचेही 60 टक्केच मिळतात. हे सगळं 1,20,000 झालं असेल तर 48,000 खिशातून, वर पाच दिवसांच्या खोलीचे 10,000. औषधं, इम्प्लांट, तपासण्या, आयसीयू यांना मात्र ही कात्री लावता येत नाही. खोलीप्रमाणे दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलातही नाही. कपातीचा कागद ओळ न् ओळ वाचा आणि विमा कंपनीकडे लेखी हरकत घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करा. तिथे फी लागत नाही.

कार्डात ही भानगडच नाही. प्रत्येक उपचाराचं पॅकेज, म्हणजे एकूण दर, ठरलेलं, जुना मधुमेह-बीपी पहिल्या दिवसापासून धरलेला. म्हणून सुरुवातीला मत पक्कं होतं: पॉलिसी सोडा, हप्ता वाचवा. ते आता मागे घेतो. हॉस्पिटल कार्डाच्या यादीत असतं, पण डोळ्यांसाठी, हाडांसाठी नसतं. भरतीआधी नुसतं नाव नको, स्पेशालिटी बघा. आणि पॉलिसी एकदा सोडली की नवीन घेताना जुन्या आजारांना 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यापेक्षा नूतनीकरणाच्या 45 दिवस आधी, रूम रेंटची मर्यादा नसलेल्या पॉलिसीत पोर्ट करायला, म्हणजे जुनीच पॉलिसी तिकडे हलवायला, अर्ज द्या. होकार येईपर्यंत जुनी तोडू नका. वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेलाय, ते पैसे इथेच लावा.

कार्डावरच्या उपचारात डिस्चार्जनंतर 15 दिवसांची औषधं पॅकेजमध्येच असतात. लोक ती न मागता दवा बाजारात जाऊन रोख मोजतात, हे बघवत नाही. हॉस्पिटल सोडण्याआधी आयुष्मान मित्राकडे, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनिसाकडे, मागा. नाही म्हणाला तर तिथूनच योजनेची हेल्पलाइन 14555 लावा.