झेंडू की जरबेरा? दहा गुंठ्यांचा हिशेब

सातारा-सांगलीकडे फुलशेतीचा विषय निघाला की गाडी बहुतेक या दोन पिकांवरच येते.

झेंडूला भांडवल कमी. लागवडीपासून दोन-सव्वादोन महिन्यांत तोडा सुरू होतो, आणि दर पडला तरी फटका एका हंगामापुरता. पण सगळ्यांचा डोळा दसरा-दिवाळीवर. मग पुण्याच्या गुलटेकडीत आणि दादरला एकदमच माल उतरतो, सकाळचा दर दुपारी राहत नाही. तोडणीला पाऊस आला तर भिजलेलं फूल काळं पडतं.

जरबेराचं गणित वेगळं. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाने झाकलेल्या शेडमध्ये, साधारण 6,000 रोपं बसतात आणि अडीच-तीन वर्षं चालतात. फूल कापत नाहीत, दांडा बुडाशी वाकवून ओढून काढतात. मग प्रत्येक फुलाला प्लास्टिकची टोपी, दहाची जुडी, खोका. लग्नाची तिथी असो वा नसो, हे रोजचं काम. पितृपक्षात भाव उतरतो, बँकेचा हप्ता उतरत नाही. अनुदान मिळतं, पण आधी खिशातून घालावं लागतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली तेव्हा तयार फुलं उकिरड्यावर गेली. झेंडूवाल्याला पुढच्या हंगामात पीक बदलता आलं, पॉलिहाऊसवाल्याला नाही. त्यात सजावटीत प्लास्टिकच्या फुलांनी जरबेराची जागा खाल्ली आहे, याचा मला मनापासून राग येतो.

माझं मत स्पष्ट आहे. घरची दोन माणसं रोज राबणार नसतील तर पॉलिहाऊसच्या वाटेला जाऊ नये. झेंडूच लावा, फक्त सगळा एकदम नको, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने.