जोडकाम: अनुवाद की मुद्रितशोधन?

नुसत्या लेखांच्या मानधनावर महिना निघत नाही, मग जोडीला अनुवाद धरू की मुद्रितशोधन (छपाईआधी मजकुरातल्या चुका तपासणं), असं एका मैत्रिणीनं विचारलं.

पैसा: अनुवादाचा दर शब्दावर, मुद्रितशोधनाचा बहुधा पानावर. तासाचा हिशेब मांडला तर अनुवाद सहसा पुढे.

तयारी: मुद्रितशोधनाला मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम मुखोद्गत हवेत. अनुवादाला दुसरी भाषा आणि विषयाची जाण.

कामाचा ओघ: दिवाळी अंकांमुळे गणपतीच्या सुमारास मुद्रितशोधकांना उसंत नसते, नंतर ओहोटी. अनुवाद वर्षभर मिळतो. पण यंत्रानं केलेला मजकूर ‘फक्त तपासून द्या’ म्हणत कमी दरात गळ्यात मारतात. तो नाकाराच, दुरुस्तीत अनेकदा नव्यानं लिहिण्याइतकाच वेळ जातो.

थकवा: दिवसभर अनुवाद केला की संध्याकाळी स्वतःचं वाक्य सुचत नाही.

कादंबरी लिहीत असाल तर मुद्रितशोधन घ्या. घरभाडं भागवायचं असेल तर अनुवाद.