तीन राजांचा मुकुट: पुठ्ठ्याचा की फेल्टचा?
६ जानेवारीला बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा सण. गोव्यात रेईश मागूश गावी मुलगे राजे होऊन मिरवतात. आमचा राजा पाच वर्षांचा, चर्चच्या नाटुकल्यातला. पुठ्ठ्याचा मुकुट अर्ध्या तासात होतो, सोनेरी कागद चकाकतोही झकास. पण गेल्या वर्षी घामाने कड भिजली, स्टेपलरची पिन कपाळाला टोचली आणि राजेसाहेब रडतच गव्हाणीपाशी पोचले.

फेल्टला, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाला, दोन संध्याकाळी जातात. डोक्याचा घेर ५१ सेंमी असेल तर पट्टी ४५ची कापायची, मागे इलॅस्टिक. फेल्टचे धागे सुटत नाहीत, कड दुमडायला नको. दोन थर एकावर एक ठेवून काजटाका (काजाच्या कडेला घालतात तो टाका) घातला की टोकं उभी राहतात. एकेरी फेल्ट कानावर लोळतो. चमक कमीच, टिकल्या लावा. मी फेल्टच शिवणार. सण परवावर आला असेल तर मात्र गुपचूप पुठ्ठा कापा.